वाढत्या अंगाचा खिसा

१

सकाळी अनिकाची शाळेची बस कोपऱ्यावर येते. नातीला बसमध्ये चढवून मी परत येतो, कपभर चहा घेऊन गराजच्या वरच्या खोलीत जातो आणि मशीनवरचं फडकं काढतो. एप्रिलमध्ये इथं अमेरिकेत, कॅरी गावी आलो तेव्हापासून हाच नेम. सून उपासना हिनं माझ्यासाठी छोटं विजेचं मशीन आणून ठेवलं होतं. म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसते बसून राहिलात तर आजारी पडाल." खरं बोलली. नागपुरात पंचावन्न वर्षं शिंपीकाम केलं. शाळा तिसरीत सुटली, पण तेव्हा हातात आलेला टेप काही सुटला नाही.

माझं नाव होतं ते चोरखिशासाठी. संत्र्याचे व्यापारी बंड्या शिवायला यायचे, आतल्या बाजूला काखेखाली खिसा मागायचे. मी म्हणायचो, बाहेरून कुणाला सापडला तर शिलाई घेणार नाही. कुणाला सापडला नाही.

मुलगा राकेश इथं औषधांच्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतो. मंगळवारी नि गुरुवारी ऑफिसात जातो, बाकी दिवस घरूनच. मी यायच्या आधी, फेब्रुवारीत, एक गोष्ट झाली होती. ती त्यानं मला बऱ्याच दिवसांनी सांगितली, डिशवॉशरमध्ये ताटल्या लावता लावता, माझ्याकडे न बघता. दुकानाच्या पार्किंगमध्ये एक माणूस त्यांच्या गाडीमागं आला. काचेवर मुठी मारत होता. आपल्या देशात चालते व्हा, असलं काहीतरी ओरडत होता. आत उपासना होती, मागच्या सीटवर अनिका. कुणीतरी त्याला ओढून नेलं. झालं एवढंच.

"मी काय केलं माहीत आहे, बाबा?" राकेश म्हणाला. "काच वर केली. ती आधीच वर होती. तरी मी बटण दाबत राहिलो."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो म्हणाला, "मी क्लास केलाय. परमिट पण आलंय. आता फक्त घ्यायचं बाकी आहे."

काय घ्यायचं, हे मला दोन मिनिटांनी समजलं.

२

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी आम्ही दुकानात गेलो. एका बाजूला केस कापायचं दुकान, दुसऱ्या बाजूला लहान मुलींचा नाचाचा क्लास. मधे हे पिस्तुलांचं. राकेशचा मित्र अंकुर सोबत होता. त्याच्याकडे आधीपासून आहे, त्यामुळं तो जाणता. मला घरीच राहायचं होतं, पण राकेश म्हणाला, "चला, तुमचं काम आहे."

काउंटरमागं माझ्याच वयाचा एक गोरा म्हातारा. पॅन्टला खांद्यावरून पट्टे. मला "सर" म्हणाला, बसायला स्टूल दिलं. मला तो माणूस आवडला, हे खोटं कशाला सांगू. कापडवाला तागा उलगडतो तसं तो एकेक पिस्तूल काढून हिरव्या कापडावर ठेवत होता. आधी मोठं, मग मधलं, मग लहान.

अंकुर मला मराठीत सांगत होता. "काका, मोठ्याचा नेम बरा, पण वजन एवढं की पॅन्ट खाली येते. मग चोर हसून हसूनच मरतो."

"आणि लहानाचं?"

अंकुरनं म्हाताऱ्याला विचारलं. म्हातारा बराच वेळ बोलला. "तो म्हणतो, लहान म्हणजे गरीब समजू नका. मुठीवर दोनच बोटं मावतात, त्यामुळं उडवलं की झटका जास्त. गोळ्या कमी. नेम धरायला अवघड. पण लोक मोठं घेतात आणि आठवड्यात ड्रॉवरमध्ये टाकतात. लहान कायम अंगावर राहतं. अंगावर आहे हेसुद्धा विसरायला होतं."

"जे विसरायचं, ते घ्यायचं कशाला?" मी म्हणालो. अंकुरनं ते इंग्रजीत सांगितलं नाही.

राकेशनं आणखी लहान मागितलं. म्हाताऱ्यानं खालच्या कप्प्यातून एक काढलं. काळं, चपटं. माझ्या पंजात ठेवलं तर बोटांच्या बाहेर जेमतेम गेलं असतं. राकेशनं ते रिकामंच खिशात घातलं आणि आरशापुढं उभा राहिला. पुढून, मग बाजूनं, मग वाकून. लग्नाच्या कोटाची ट्रायल देतात तसा.

"प्रिंट होतंय का?" त्यानं अंकुरला विचारलं. कपड्यावरून आतल्या वस्तूचा आकार दिसला की ही मंडळी असं म्हणतात. आम्ही शिंपी म्हणतो, ठसा उठला.

"थोडंसं," अंकुर म्हणाला.

राकेश माझ्याकडे वळला. मी आल्यापासून पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू होतं. "म्हणून तर आमच्या बाबांना आणलंय."

३

नाही म्हणता आलं असतं. म्हणालो नाही. दर रविवारी आमच्या घरी बुद्धवंदना होते, पाचही शीलं म्हटली जातात, आणि पहिलंच शील जीवहत्या न करण्याचं, हे आमच्या घरात पाळण्यातल्या पोराला ठाऊक. पण मुलगा त्या काचेच्या बटणाची गोष्ट सांगून बसला होता. बापाचा हात मशीनकडे गेला.

खिसा असा ठरला: सुटी, जाड कापडाची चपटी थैली, वर दोन हूक, म्हणजे कुठल्याही पॅन्टच्या खिशात आतून अडकवता येईल. मी कापड भिजवलं, वाळवलं, इस्त्री केली. कोरं कापड न भिजवता मी कधी कापलं नाही. राकेशनं पिस्तूल रिकामं करून, दोनदा दाखवून, माझ्यापुढं ठेवलं. मी खाकी कागदावर त्याची कड आखली. टेपनं माप घेऊन वहीत लिहिलं. लांबी सव्वापाच इंच. उंची साडेतीन इंच नि एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्या धंद्यात तेवढ्यावर माणसाची ओळख ठरते.

मग कापलं, टीप मारली, उलटवलं. पिस्तूल आत असं बसलं की राकेश उड्या मारून आला तरी ठसा नाही. "बाबा, मान गए!" म्हणाला.

सगळं आवरताना थैली उलटी करून पाहिली, तेव्हा माझी चूक मला दिसली.

दोन्ही बाजूंना टिपेच्या आत मी अर्धा-अर्धा इंच कापड जास्तीचं सोडलं होतं. याला आम्ही माया म्हणतो. लहान मुलांच्या कपड्यात माया सोडायची असते. अंग वाढतं, मग टीप उसवून कपडा सैल करता येतो. माझी बायको अंजना म्हणायची, तुम्ही पोरांना कधी जवळ घेत नाही, सगळी माया शिवणीतच ठेवता. पण वाढत्या अंगासाठी ती असते. लोखंडाच्या वस्तूला माया कोण सोडतं? हात सवयीनं चालला होता.

कापून टाकावी असं मनात आलं. पण चांगलं कापड. राहू दिलं.

४

जूनच्या शेवटी राकेश थैली घेऊन वर आला. "बाबा, हे तंग झालंय. काढताना अडकतं. धुण्यात आटलं बहुतेक."

"धुतलंय कुणी?"

"उपासनानं टाकलं असेल."

उपासनानं टाकलं नव्हतं. टाकलं असतं तरी भिजवून घेतलेलं कापड एवढं आटत नाही. पण आधी आपलीच चूक बघावी. दोन्ही बाजूंची टीप उसवली, एकेक सूत बाहेर घेऊन पुन्हा मारली. नीट बसलं. राकेश खाली गेला.

मला मात्र चैन पडेना. गुरुवारी तो ऑफिसात गेला की पिस्तूल घरी असतं, कंपनीत नेऊ देत नाहीत. कपाटाच्या वरच्या फळीवर आकड्यांच्या कुलपाची पेटी. आकडा अनिकाचा वाढदिवस. घरात सगळ्यांना ठाऊक, अनिकाला सोडून. मी पेटी उघडली. भीती वाटत होती, तरी टेप लावला.

उंची साडेतीन इंच नि तीन सूत.

दोन सूत जास्त. मी टेपवर संशय घेतला. जुना टेप ताणला जातो. पण ताणलेला टेप माप कमी दाखवतो, जास्त नाही. मग डोळ्यांवर संशय घेतला. दोन्ही मोतीबिंदू काढलेले आहेत, सुईत दोरा अजून मीच ओवतो. मग वाटलं, राकेशनं मला न सांगता दुसरं घेतलं असेल. म्हणून अंगावर कोरलेला नंबर खडूनं पाटीवर उतरवून घेतला. दुकानाच्या कागदावर तोच होता, आकडा न् आकडा.

राकेशला संध्याकाळी सांगितलं. तो हसला. "लोखंड वाढतं का, बाबा?"

"नाही वाढत."

"मग? तुम्ही शिंपी आहात. कापडाचं माप तुमचं चुकत नाही. पण हे मशीनचं काम, इथं टेप चालत नाही."

बोलणं बरोबर होतं. मी मान डोलावली. वहीत मात्र नवं माप लिहून ठेवलं.

५

ऑगस्टच्या मध्याला त्यानं पुन्हा थैली आणली. पुन्हा एकेक सूत. टीप मारून थैली परत दिली.

त्याच आठवड्यात उपासना अनिकाचा निळा फ्रॉक घेऊन आली. तो मी नागपूरहून शिवून आणला होता, घेराला चार बोटं माया ठेवून. सहा वर्षांची पोर, भेंडीसारखी वाढते. "बाबा, शाळा सुरू होतेय. जरा लांब करून द्याल? पहिल्या दिवशी घालायचाय तिला."

अनिका स्टुलावर उभी राहिली. जिभेनं पुढचा दात हलवत होती. मी फ्रॉक अंगावर घालून बघितला. गुडघ्याखाली जिथं एप्रिलमध्ये होता तिथंच. मी टेप लावला. खांदा, छाती, लांबी. वही काढली.

सुताचासुद्धा फरक नव्हता.

"लांब करायची गरज नाही," मी म्हणालो.

"खरंच?" उपासना म्हणाली. "बरं झालं. तिचे बूट पण तेच चालतायत. नाहीतर मागच्या वर्षी तीन जोड घेतले." मग अनिकाचा हात हातात घेऊन ती जरा थांबली. "आणि गंमत सांगू? हिची नखं कापायची मी विसरलेच होते. कधीपासून ते आठवत नाही. पण बघा ना, वाढलीच नाहीयेत."

"कूल," अनिका म्हणाली.

"दात केव्हापासून हलतोय हिचा?"

"अहो, तुम्ही आलात तेव्हापासून. पडायचं नावच घेत नाही."

दोघी खाली गेल्या. मी दोन्ही मापं समोर ठेवून बसलो. चार महिन्यांत या वयाची पोर अर्धा इंच तरी चढते. माझ्या हाताखालून हजार पोरं गेली आहेत. अर्धा इंच म्हणजे चार सूत. आणि थैली मी दोन खेपेला सोडली ती दोन्ही बाजूंची मिळून चार सूत.

योगायोग असतात. मी स्वतःला तेच सांगितलं. खालून भांड्यांचा आवाज येत होता, अनिका काहीतरी गुणगुणत होती. मी टेप गुंडाळला, परत उलगडला, परत गुंडाळला.

६

रविवारी वंदना झाली. राकेश माझ्या शेजारी मांडी घालून बसला होता. पहिलं शील म्हणताना त्याचा आवाज सगळ्यांत स्वच्छ होता, आणि उजवा हात मांडीवरून घसरून खिशापाशी गेला होता. ठसा दिसत नव्हता. माझंच काम ते.

नंतर मी त्याला वर बोलावलं. वही दाखवली. हळूहळू, जमेल तसं सांगितलं. तो आधी हसला, मग त्याचं हसू गेलं.

"बाबा, चार महिन्यांत काय ताड होणार का ती? डॉक्टरांनी पाहिलंय. थोडी मागे आहे म्हणाले, काळजीचं काही नाही. उपासना पण लहान चणीचीच आहे."

"असेल. पण ते घरातून जाऊ दे. माझ्यासाठी."

"आणि पुन्हा कुणी काचेवर मुठी मारल्या तर? मी काय करू? बटण दाबू?"

"राकेश, तेवढ्यासाठी..."

"तुम्ही ऑक्टोबरमध्ये परत जाल. मला इथंच राहायचंय." तो वही मिटून माझ्या हातात देत म्हणाला, "आणि तुम्ही त्या पेटीला हात लावता, हे मला आवडलं नाही. मी आकडा बदलत नाही, तुमच्यावर विश्वास आहे म्हणून. पण हे बोलणं उपासनासमोर करू नका. प्लीज."

त्यानं सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी उपासना वर आली, मऊ आवाजात बोलली. विचारलं, झोप लागते का, बीपीची गोळी घेता ना. जाताना मशीनवरची माझी मोठी कात्री उचलली.

"ही मी वरच्या कपाटात ठेवते हं, बाबा. लागली की मागा. घरात लहान मूल आहे ना."

ती खरंच प्रेमानं बोलत होती. राकेश जिन्यात उभा होता. त्याच्या उजव्या खिशात ते होतंच.

७

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिसऱ्यांदा तंग झालं. राकेशनं थैली मशीनवर ठेवली आणि खाली गेला. आमच्यात आता तेवढंच बोलणं उरलं होतं.

मी ठरवलं, बस. आता सोडायचं नाही. टीप उसवलीच नाही. उलट तिच्यावरून आणखी दोन टिपा मारल्या, पक्क्या, दाबून. म्हटलं, बघू लोखंड काय करतं ते.

राकेश म्हणाला, "अजून अडकतंय."

"वापरून सैल होईल," मी म्हणालो. आयुष्यात गिऱ्हाइकाशी खोटं बोललो ते पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनिका दूध पिता पिता थांबली. "मम्मा, इट्स टाइट."

"काय टाइट आहे, बेटा?"

अनिकाच्या अंगात मीच शिवलेला झबल्यासारखा सैल गाऊन होता. तिनं काखेपासून कमरेपर्यंत हात फिरवला. "ऑल ओव्हर. झिप अडकते ना, तसं."

उपासनानं गाऊन काढून पाहिला. अंगावर वळ नाही, पुरळ नाही. दुपारपर्यंत पोर रडायला लागली. रडायलाही पुरता श्वास येत नव्हता, आवाज मधेच तुटायचा. राकेशनं तिला गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं. छाती तपासली, फोटो काढला. सगळं स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, या वयात मुलांचं अंग असं दुखतं. वाढीची दुखणी.

वाढीची. घरी परतल्यावर त्यांनी हे सांगितलं, तसा मी वर गेलो.

डॉक्टरकडे जाताना राकेश घाईत पॅन्ट बदलून गेला होता. थैली पेटीत होती, पिस्तुलासकट. पिस्तूल भरलेलं होतं की नव्हतं हे बघायचं मला सुचलं नाही. कात्री कपाटात. मी दाढीचं पातं घेतलं आणि दोन्ही बाजूंच्या टिपा एकेक टाका करून तोडायला लागलो. पक्क्या टिपा, दोरा कापडात रुतलेला. पात्यानं बोट कापलं. शेवटचा टाका सुटला तेव्हा कापड दोन्हीकडून एकदम ढिलं पडलं. दिवसभर पोट आत ओढून बसलेला माणूस नाडी सोडतो, तसं.

त्याच वेळी खालून अनिकाचा आवाज आला. "आजोबा! इट स्टॉप्ड!"

तिनं मलाच का सांगितलं? आई-बाप दोघंही तिच्याजवळ होते.

मी नव्या टिपा मारल्या. बाजूला एकेक सूत सैल.

८

आता माझ्यापुढं दोनच वाटा होत्या. सैल करत राहिलो तर पोर आहे तेवढीच राहणार. नाही केलं तर गुदमरणार. आणि ऑक्टोबरमध्ये मी गेल्यावर हे कोण सैल करणार होतं? म्हणून तिसरी वाट काढायची ठरवली.

गुरुवारी राकेश ऑफिसात गेला, अनिका बसमध्ये चढली, उपासना खाली मीटिंगवर बोलत होती. मी थैली पिस्तुलासकट इंडियन ग्रोसरीच्या कापडी पिशवीत घातली, वरून माझी शाल टाकली आणि बाहेर पडलो. आमच्या वस्तीमागं तळं आहे. भोवती चालायची वाट, पाण्यात बदकं. पाहुणा म्हणून आलेला म्हातारा परक्या देशात पिस्तूल घेऊन चाललाय. पोलिसानं विचारलं तर काय सांगणार होतो? कुत्रा घेऊन चाललेली एक बाई समोरून आली, हात हलवून "गुड मॉर्निंग" म्हणाली. मीही हलवला.

पिशवी जड होत होती. दुकानातलं ते पिस्तूल डाळीच्या वाटीएवढंही भरलं नसतं. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग काखेत धरली. मग, पट्टे बोटांत रुतायला लागले म्हणून, शाल गुंडाळून सगळं गाठोडंच छातीशी घेतलं. ते बरं पडलं.

तळ्याच्या काठावर लाकडी धक्का आहे, मासे धरायला लोक बसतात तो. कुणी नव्हतं. मी टोकाला गेलो. पाणी हिरवं, खोल. गाठोडं उचलून हात मागं घेतला आणि तसाच थांबलो.

काहीतरी मला धरून होतं.

शालीच्या पदरातून माझ्या सदऱ्याची घडी आत ओढली गेली होती. खिळ्यात अडकली असेल, हूक असेल थैलीचं, असं म्हणून मी बघायला वाकलो. हूक दुसऱ्या बाजूला होतं. शाल जरा बाजूला केली. आतल्या अंधारात माझ्या सदऱ्याचं कापड चिमटीत गोळा झालेलं होतं. झोपलेलं पोर कडेवरच्या माणसाचं कापड धरतं तसं, घट्ट नाही, पण सोडायचं नाही असं. धरलं होतं कशानं, ते मी पाहिलं का? एवढंच सांगतो, की लगेच शाल लावून घेतली. वाऱ्याला लागू नये, असं माझ्या मनात आलं. मनात नेमकं तेच आलं.

मग ते सरकलं आणि मानेपाशी टेकलं. गरम होतं. वजन पुरतं अंगावर टाकून.

चार महिन्यांत अनिका जे वाढली नाही, ते कुठं गेलं, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. माप माझ्या छातीशी होतं. ते पाण्यात टाकायचं म्हणजे काय टाकायचं?

बदकं ओरडत होती. मी धक्क्यावर किती वेळ उभा होतो ठाऊक नाही. मग वळलो आणि वाटेला लागलो. हळू चालत होतो, हिसका बसू नये म्हणून. वळणावर ती कुत्रेवाली बाई परत भेटली. माझ्या खांद्याकडे बघून तिनं चेहरा मऊ केला, आवाज खाली आणला. तेव्हा मला समजलं की माझा हात थापटतोय. केव्हापासून थापटत होता, कोण जाणे.

"हाऊ ओल्ड?" तिनं कुजबुजत विचारलं.

एवढं इंग्रजी मला कळतं. मी चार बोटं दाखवली.

"मंथ्स?"

मी मान डोलावली. ती हसली, ओठांवर बोट ठेवून कुत्र्याला गप्प केलं, आणि वाट सोडून गवतात उभी राहिली, आम्हाला जाऊ द्यायला.

घरी पोचलो तेव्हा उपासनाची मीटिंग चालूच होती. मी वर गेलो, खोलीचा दरवाजा लावला, मशीनसमोर बसलो. थैली पुन्हा तंग झाली होती. पातं घेतलं. आत दोन्ही बाजूंना एकेकच सूत माया उरली होती, आणखी एकदाच सैल करण्यापुरती.